हरणाचं डोकं आणि आबाची बॅटरी

आबा घुले दर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात बॅटरी घेऊन जातो. दुकानात दोन ट्यूबा जळत असतात, बाहेर लख्ख ऊन असतं, तरी हा शर्टाच्या खिशातून दोन सेलांची स्टीलची बॅटरी काढतो आणि टांगलेल्या बोकडाच्या पोटात उजेड पाडतो. काळीज बघतो, गुर्दे बघतो, फुप्फुस दोन बोटांनी दाबून बघतो. मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते. एकदा एका कंपनीतल्या पोरानं घड्याळ बघत विचारलं, "आजोबा, एक्स-रे झाला का?" आबा मागे न वळता म्हणाला, "झाला. थांब, आता तुझा काढतो."

दुकानदार चांदभाई कधी रागावत नाही. त्याच्या बापानंही हीच बॅटरी सोसली होती. शिवाय एकदा आबानं एका काळजात जंत दाखवला होता आणि चांदभाईला अख्खा बोकड बाजूला काढावा लागला होता. तेव्हापासून आबानं मान हलवली की मगच रांग पुढे सरकते. कंपनीतली पोरंसुद्धा आता म्हणतात, आजोबांचं झालं का ते बघा, मग एक किलो द्या.

"तपासल्याशिवाय न्हाई." हे आबाचं ठरलेलं वाक्य. कलिंगड असो, बसचं तिकीट असो, नाहीतर व्याह्यानं आणलेले पेढे असोत. दवाखान्यात डॉक्टरनं ह्याच्या घशात बॅटरी मारली, तर ह्यानं आपली बॅटरी काढली आणि म्हणाला, आता तुम्ही आ करा, मलापण कळू दे उपचार करणारा निरोगी हाय का. त्या डॉक्टरनं आ केला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी कोण, तेही सांगून टाकतो. मी श्रीपती. आबा आणि मी एकाच वर्षी हडपसरच्या शाळेत बसलो आणि चौथीनंतर एकाच दिवशी उठलो. मी पस्तीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा आणि मिरचीच्या गोण्या वाहिल्या. पाठ वाकली, पण कुणापुढे वाकवली नाही. आणि मी खोटं बोलत नाही. हे साऱ्या हडपसरला माहीत आहे, म्हणून लग्नाच्या बैठकीला मला कुणी बोलवत नाही.

आबाची गोष्ट वेगळी. सोळाव्या वर्षी तो कॅम्पातल्या एका फौजी साहेबाच्या हाताखाली लागला. साहेबाकडे परवान्याची बंदूक होती. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. आता वाघोलीच्या पुढे जिथे कॉलेजं आणि बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत, तिथे तेव्हा नुसता माळ होता आणि माळावर काळवीट होते. साहेब गोळी घालायचा आणि आबा सोलायचा. चार बोटं लांबीची सुरी, हातात बाकी काही नाही. त्या कामाचा एक रिवाज होता. शिंगं साहेबाची, मांड्या मेसच्या, आणि डोकं सोलणाऱ्याचं. डोकं कुणी मागायचं नाही, साहेबानंसुद्धा नाही. पुढे कायदा आला, साहेबाची बंदूक भिंतीला लागली, आणि आबा म्हणाला, बरं झालं, माळावर चार हरणं राहिली तर पाहिजेत. पण रिवाज त्यानं सोडला नाही. भावकीत कंदुरी असली, म्हणजे देवाला कबूल केलेल्या बोकडाचं जेवण असलं, की बोकड आबानंच सोलायचा आणि डोकं आबानंच न्यायचं.

डोकं नेऊन तो काय करायचा? त्यातला भेजा हळद-मिठात परतून स्वतःच्या पोराला, सुनीलला, घालायचा. भेजा खाल्ला की डोकं चालतं, ही त्याची पक्की समजूत. सुनीलचं डोकं चाललंही. इंजिनीअर झाला, अमेरिकेला गेला, तिथलाच झाला. त्याची पोरगी ईशाही तिथलीच. कुणी म्हणालं की पोरगं हुशार निघालं, तर आबा शाळेचं नाव घेत नाही, मास्तरचं नाव घेत नाही. "कंदुरीची चौदा डोकी हायत त्याच्यामागं," म्हणतो.

आबाच्या जमिनीवर इमारत झाली, त्याला आठव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. वहिनी चार वर्षांमागे गेल्या. तेव्हापासून तो एकटाच राहतो. फ्लॅटमधल्या पहिल्या वर्षी त्यानं कंदुरीचा बोकड खालीच, गाड्या लावतात तिथे बांधला, तर सोसायटीनं पाटी लावली: "येथे बोकड बांधू नये. बांधल्यास त्याच्या दर्शनी भागावर वाहन क्रमांक असावा." आबानं ती पाटी बॅटरी मारून दोनदा वाचली आणि म्हणाला, अक्षर चांगलं हाय.

सुनीलचा फोन रविवारी यायचा. बोलणं चार वाक्यांचं. बरे आहात का, बरा आहे, गोळ्या घेतल्या का, घेतल्या. आबानं कितीही सल्ला दिला तरी पलीकडून "हो आबा" यायचं. आमच्याकडे पोरं बापाला नाही म्हणत नाहीत. हो म्हणतात आणि त्यांना करायचं तेच करतात. घर मोडत नाही आणि कामही होतं.

गेल्या थंडीतली गोष्ट. दिवेलागणीला आबाचा मला निरोप, ताबडतोब वर ये. मी धापा टाकत गेलो, तर हा धुतलेला शर्ट घालून, टोपी चढवून फोनपुढे बसलेला. फोनवर सुनील दिसत होता. त्यांच्याकडे सकाळ होती. मागे गाडी ठेवायची खोली, बाहेर बर्फ, आणि आढ्याला उलटं टांगलेलं हरीण. ऑफिसातल्या मित्रांबरोबर रीतसर परवाना काढून तो शिकारीला गेला होता आणि पहिल्याच खेपेला ह्याची गोळी लागली होती.

सुनील म्हणाला, "आबा, सोलायचं कसं? सांगाल का?"

वीस वर्षांत त्या पोरानं बापाला असं काही विचारलं नव्हतं. आबानं खाकरून घेतलं. मग जो सुरू झाला तो दीड तास. खूर कुठे धर, कातडं मुठीनं कसं ढकल, सुरी कधी वापर आणि कधी वापरू नको. सुनीलनं रबरी हातमोजे घातले होते. आबा म्हणाला, बाळंतपण करतोस का? हाताला जनावर कळायला पाहिजे. सुनील म्हणाला, इथे घालायला सांगतात, आबा. करवत दिसली तेव्हा आबा भडकलाच. हाड कापायचं नाही, सांध्यात सुरी घालायची, मांस हाडावरून सोडवून घ्यायचं, करवत सुताराला दे. सुनीलनं तसं केलं. मग आबानं आपली बॅटरी पेटवून फोनच्या काचेवर धरली, काळीज नीट दिसेना म्हणून. त्यानं आमचाच चेहरा उजळला.

शेवटी आबानं विचारलं, "डोकं कुठं हाय?"

"बाजूला काढलंय, आबा."

"कुणाला देऊ नको. सोलणाऱ्याचा हक्क हाय त्यो. भेजा काढ, हळद-मिठात परत, आन ईशाला घाल. परीक्षा हाय न्हवं तिची?"

सुनीलनं जरा बाजूला बघितलं. मग म्हणाला, "हो आबा."

फोन ठेवल्यावर आबा उठला आणि त्यानं मला चहा केला. त्याच्या हातचा चहा मी वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा प्यायलो. साखर घालायची राहिली होती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, आज गोडच लागतोय.

पुढचे चार दिवस आबानं ते हरीण साऱ्या आळीला सोलून दाखवलं. वॉचमनला, दूधवाल्याला, लिफ्टमध्ये सापडलेल्या बाईला. नातीच्या परीक्षेचा निकालही त्यानं आधीच सांगून टाकला.

पाचव्या दिवशी दूधवाल्याच्या म्हशीला बघायला गुरांचा डॉक्टर आला होता. तरुण आहे, पण वयाला मान देतो. मी त्याला सहज ऐकवलं, आमच्या आबाच्या पोरानं अमेरिकेत हरीण मारलं. तो बॅग बंद करता करता थांबला. म्हणाला, "कोणत्या भागात? आणि तपासून घेतलं का हो त्यांनी?"

मी म्हटलं, आबानं स्वतः तपासलं, फोनवरून.

डॉक्टर हसला नाही. त्यानं मला कट्ट्यावर बसवलं आणि समजावून सांगितलं. तिकडच्या हरणांत एक रोग पसरलाय. जनावराचा मेंदू आतून जाळीसारखा होतो. शेवटी ते वाळतं, लाळ गाळतं, मान टाकून हिंडतं आणि मरतं. पण तोवर वर्ष-दोन वर्षं ते धडधाकट दिसतं. काळीज चांगलं, मांस चांगलं, उड्या मारतंय. बघून कळत नाही. शिजवून जात नाही. आपल्याकडच्या जनावरांत तो नाही, माणसाला झाल्याचंही अजून कुठे आढळलं नाही, पण नक्की कोण सांगणार? म्हणून तिथे सांगतात, हातमोजे घाला, तपासणीचा निकाल येईपर्यंत खाऊ नका, आणि मेंदू, डोळे, पाठीच्या कण्यातला मगज, ह्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका.

मी विचारलं, "भेजा?"

"तो तर मुळीच नको," डॉक्टर म्हणाला.

मी आयुष्यभर गोणी वाहिली ती एकाच पद्धतीनं. उचलायची, न्यायची आणि जागेवर टाकायची. वाटेत टेकायचं नाही. ही बातमीही मी तशीच नेली. आबा खाली बाकावर चार जणांत बसून सांध्यात सुरी कशी घालायची ते दाखवत होता. मी तिथेच, सगळ्यांदेखत, सगळं सांगितलं.

आबा म्हणाला, मी काळीज बघितलं होतं. मी म्हटलं, काळजात दिसत नाही. तो म्हणाला, बॅटरी नीट मारली असती तर दिसलं असतं. मी म्हटलं, बॅटरीला दिसत नाही असाच रोग आहे तो. तो म्हणाला, तुझा डॉक्टर म्हशीचा. मी म्हटलं, हरीण म्हशीला जवळचं, तुला नाही. चौघे हसले. आबा उठला, बॅटरी खिशात टाकली आणि लिफ्टकडे गेला. मी हाक मारली नाही. का मारावी? मी खोटं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो खाली आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रविवारी चांदभाई स्वतः माझ्या दारात आला. म्हणाला, "काका, आबा कुठे आहेत? रांग पुढे सरकत नाहीये. लोक बोकडाकडे बघतात नि माझ्याकडे बघतात." मी म्हटलं, त्याला सर्दी झालीय काय कोण जाणे.

मग दूधवाल्याकडून कळलं की आबा गुपचूप त्या म्हशीच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरला त्यानं विचारलं, हळदीनं जातो का? नाही. मीठ जास्त घातलं तर? नाही. कुकरच्या किती शिट्ट्यांनी जाईल? डॉक्टर म्हणाला, आबा, शिट्ट्यांनी नाही जात हो. आबानं विचारलं, दहा-अकरा वर्षांची पोरगी असली आणि अगदी चमचाभर खाल्लं असलं तर? डॉक्टर म्हणाला, तुम्ही आधी मुलाला फोन करून विचारा, खाल्लंय का ते. आबा "बरं" म्हणाला आणि पिशवी विसरून निघून आला.

बुधवारी दिवेलागणीला माझा फोन वाजला. सुनील होता. "काका, आबा फोन उचलत नाहीत. चार दिवस झाले. बरे आहेत ना?"

मी म्हटलं, बघतो, आणि लिफ्टची वाट न बघता जिना धरला. पाचव्या मजल्यावर दम लागला तेव्हा अक्कल आली आणि लिफ्टमध्ये शिरलो.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात वाफ कोंडलेली. गॅसवर दोन पातेली रटरटत होती आणि त्यांत आबाच्या सगळ्या सुऱ्या, साहेबाच्या वेळची चार बोटांचीसुद्धा, बटाट्यासारख्या उकडत होत्या. आबा स्टुलावर बसून बघत होता. दाढी वाढलेली. बॅटरी ओट्यावर, सेल काढून बाजूला ठेवलेले.

मी म्हटलं, "हरीण तिकडं, सुऱ्या इकडं. ह्यांना कशाला उकळतोस?"

"काहीतरी उकळायला पायजे ना," तो म्हणाला.

मी गॅस बारीक केला. विचारलं, फोन का घेत नाहीस? त्यानं चमच्यानं एक सुरी उलटी केली. मग म्हणाला, "घेतला आन त्यानं सांगितलं खाल्लं, तर? मीच म्हणलं रं, पोरीला घाल. त्यो इचारत व्हता, डोकं बाजूला काढलंय म्हणत व्हता. मीच म्हणलं, कुणाला देऊ नको."

पन्नास वर्षं जनावराच्या पोटात उजेड पाडणारा माणूस, पण एक फोन उचलायला त्याचा हात उठत नव्हता. माझी जीभ मला टोचायला लागली. बातमी खरी होती, पण चौघांत आपटायची काही गरज नव्हती. हे मी त्याला बोललो नाही. आजवर कुणाची माफी मागितली नाही, म्हणून कशी मागतात ते येत नाही. मी माझाच फोन काढला, सुनीलला लावला आणि दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवला.

सुनीलचा चेहरा आला. आबानं टोपी नीट केली आणि फोन माझ्याकडे सरकवला. मग मीच विचारलं. सरळ विचारलं, जसं मला येतं तसं. सुनील, त्या हरणाचा भेजा ईशाला घातला का?

सुनील म्हणाला, "काका, आबा ऐकतायत का?"

"ऐकतोय," आबा म्हणाला.

"आबा, डोकं मी पहिल्याच दिवशी देऊन टाकलं. इथे रस्त्याकडेला पेट्या ठेवलेल्या असतात तपासणीसाठी. मानेसकट डोकं टाकायचं आणि नंबर घ्यायचा. तुमच्याशी बोलत होतो तेव्हा ते पिशवीत बांधून गाडीत ठेवलेलं होतं. मटण फ्रीजरला आहे. निकाल आल्याशिवाय कुणी हात लावणार नाही."

"मग हो का म्हणलास?"

"तुम्ही इतके खूश होता, आबा."

"म्हंजी मला खोटं बोललास."

"हो आबा," सुनील म्हणाला.

इतक्या वर्षांत त्या पोराचं हेच एक "हो आबा" मी खरं निघालेलं पाहिलं. आबानं उपरणं तोंडाला लावलं आणि वाफेला शिव्या दिल्या. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, त्या पाकिटांवर नंबर टाकून ठेव, दुसऱ्या मटणात मिसळू देऊ नको, आन हातमोजे फेकून दे, पुन्हा वापरू नको. सुनील प्रत्येकाला "हो आबा" म्हणत गेला. शेवटी म्हणाला, "मला तुमच्यासारखं बघून कळत नाही, आबा. म्हणून पेटीत टाकलं." आबानं फोन हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पलीकडून कधीच बंद झाला होता.

मी गॅस बंद केला. आबा सुऱ्या पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "लहानपणी तरी खात व्हता ना त्यो? मी घालायचो त्यो भेजा?"

आता वाचणाऱ्याला सांगायला हवं. सुनीलनं लहानपणी भेजा कधी खाल्ला नाही. त्याला त्या वासानं उमासे यायचे. वाटी घेऊन तो आमच्या परसात यायचा आणि माझ्या काळ्या नावाच्या कुत्र्याला घालायचा. एकदा मी पकडला, तर रडत म्हणाला, काका, आबांना सांगू नका. मी म्हटलं, मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण विचारल्याशिवाय सांगणारही नाही. आणि नशीब असं, इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही. आज आबानं विचारलं.

मी म्हटलं, "खात होता की. वाटी चाटून पुसून."

आबानं माझ्याकडे बघितलं आणि पुढची सुरी उचलली.

त्यानंतर रोज दिवेलागणीला आबा फोन लावायला लागला. विचारायचं एकच, निकाल आला का? पलीकडून सुनील म्हणायचा, नाही आला, आबा. पण नुसतं तेवढ्यावर फोन ठेवता येत नाही. मग थंडी किती आहे, बर्फ कोण काढतं, ईशाचा पेपर कसा गेला, असं काहीबाही निघायचं. एक दिवस ईशा स्वतः फोनवर आली आणि तिनं आबाला त्या रोगाचं इंग्रजी नाव तीनदा म्हणायला लावलं. आबा खाली येऊन आम्हाला ते म्हणून दाखवायचा. रात्री झोप येत नाही म्हणायचा, चांदभाईकडे जाऊन नुसता उभा राहायचा, बॅटरी काढायचा नाही. निकाल वाईट आला तर अख्खं जनावर टाकायचं, आणि पोराच्या हाताला जखम होती का सोलताना, हे एक त्याच्या डोक्यात बसलं होतं. सुनीलनं दोन्ही पंजे फोनसमोर धरून दाखवले, पुढून आणि मागून. तेव्हा कुठे त्या रात्री झोपला.

दहाव्या संध्याकाळी निकाल आला. रोग निघाला नाही. आबानं तीनदा विचारलं, न्हाई म्हंजी न्हाईच ना? मग आळीत पेढे वाटले. मी माझा पेढा बॅटरी मागवून तपासला. तो हसला. जुना आबा परत आला असं मला वाटलं.

अकराव्या संध्याकाळी मी माझ्या दारातल्या ओट्यावर बसलो होतो. आबा आला. रविवार होता, सकाळी चांदभाईकडे रांग पुढे सरकली होती. त्याच्या हातात कागदाची पुडी होती. ती त्यानं उघडली आणि माझ्या आत्ताच्या कुत्र्यापुढे ठेवली. हाही काळ्याच, चौथा, रंगानं तांबडा आहे. पुडीत बोकडाचा भेजा होता, हळद-मिठात परतलेला.

"ह्याच्या पणज्यानं चौदा खाल्ले," आबा म्हणाला, "तरी माझ्यावरच भुंकायचा."

मी खाली बघितलं. विचारलं, तुला माहीत होतं?

"तुझ्या परसाची भित किती उंच व्हती? माझ्या कंबरंएवढी."

"मग दर कंदुरीला डोकं का आणत होतास?"

"वाटी घेऊन 'हो आबा' म्हणायचा रं. तेवढं ऐकायला." तो काळ्याला खाताना बघत राहिला. "तवा मी घालत व्हतो, त्यो मागत नव्हता. ह्या खेपेला त्यानं आपणहून इचारलं. मला वाटलं, आता खरंच ऐकंल. आन ऐकंल म्हणूनच भ्यालो." जरा थांबून म्हणाला, "तूपण 'हो आबा' शिकलास म्हातारपणी."

सत्तर वर्षांत एकदा खोटं बोललो, तेही पकडलं गेलं.

समोरच्या इमारतीत दिवे लागायला लागले. आबानं खिशात हात घातला. मला वाटलं बॅटरी काढतो, पण फोन काढला. मांडीवर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

"निकाल तर आला," तो म्हणाला. "आता काय इचारू?"

मी म्हटलं, मटण शिजवलं असेल आज. मीठ किती घातलं ते विचार.

"मीठ एका दिवसात संपतंय."

"मग उद्या हळद विचार."

आबानं माझ्याकडे बघितलं. त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. मीठ, हळद, तिखट, धणे, जिरं. मी म्हटलं, मोहरी राहिली, आणि गरम मसाला. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, वहिनींच्या डब्यात तर सातच होत्या.

"सात," आबा म्हणाला. "म्हंजी पुढल्या रविवारपातूर झालं." आणि त्यानं मिठासाठी फोन लावला.